किल्ला स्पर्धेचं प्रमाणपत्र आणि निमंत्रण: जिम्प व फुकट नक्षीकाम वापरून केलेल्या कामाच्या नोंदी

१३ सप्टेंबर २०२५

काम असं: सोसायटीच्या दिवाळी किल्ला स्पर्धेसाठी आडवं ए४ प्रमाणपत्र, ४० प्रती, आणि व्हॉट्सॲपवर फिरवायला एक निमंत्रण. दोन्हींत गेल्या वर्षीच्या किल्ल्याचा फोटो आणि भोवती नक्षी. बक्षीस समारंभ पाडव्याला, २२ ऑक्टोबरला. छपाईवाल्याकडे दिवाळीच्या तोंडावर गर्दी असते, म्हणून अंतिम फाइल १० ऑक्टोबरच्या आत त्याच्या हातात हवी.

साधनं: ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, फोटोसाठी जिम्प ३.०.४, मजकुरासाठी इंकस्केप. दोन्ही फुकट. जिम्प त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. शोधात वर येणाऱ्या जाहिरातींच्या दुव्यांवरून भलतंच काही गळ्यात पडू शकतं.

फोटोला हात लावायच्या आधी मापं ठरवली. ए४ म्हणजे २९७ × २१० मिमी. कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापून जाणारी जादा कड), म्हणजे ३०३ × २१६ मिमी. ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) ते ३५७९ × २५५१ पिक्सेल होतं. नवीन फाइलच्या खिडकीत ॲडव्हान्स्ड उघडून ३०० हा आकडा आधी टाकायचा, मग एकक मिमी करून माप भरायचं. क्रम उलटा झाला तर पिक्सेल कमी पडतात आणि ते छापून येईपर्यंत कळत नाही.

गाइड्स (पडद्यावरच्या मदतीच्या रेघा): कडेपासून ३५ पिक्सेलवर कापायची रेघ, १५४ पिक्सेलवर सुरक्षित हद्द (कापल्यावर आत १० मिमी). किनार, नाव, सही, सगळं या हद्दीच्या आत.

निमंत्रणाची फाइल स्वतंत्र, १०८० × १३५० पिक्सेल, उभी. प्रमाणपत्रच लहान करून पाठवायचा मोह टाळा. आडवं ए४ फोनवर इतकं बारीक दिसतं की तारीखसुद्धा वाचता येत नाही.

१४ सप्टेंबर

आजचा वेळ हत्यारांची ओळख करून घेण्यात. नवशिक्यांचा वेळ जिथे जातो त्या जागा तेवढ्या लिहितो.

इंटरनेटवरचे बहुतेक मराठी-हिंदी व्हिडिओ जिम्प २.१० वरचे आहेत. ३.० मध्ये दोन गोष्टी बदलल्या. पेस्ट केलं की आता थेट नवीन लेयर (चित्राचा वेगळा थर) तयार होतो. आधीसारखा तरंगता तुकडा अँकर करत बसावं लागत नाही. आणि लेयर जोडायची साखळी गेली. त्याऐवजी शिफ्ट किंवा कंट्रोल धरून एकाहून जास्त लेयर निवडायचे आणि एकत्र हलवायचे. व्हिडिओत दिसणारं बटण आपल्याकडे सापडेना म्हणून तासभर जाऊ शकतो, तो वाचवा.

ब्रश चालतच नाही, ही तक्रार जवळजवळ प्रत्येकाची. कारणं बहुधा तीनच. कुठेतरी विसरलेलं सिलेक्शन (निवडलेला भाग) उरलेलं असतं: कंट्रोल-शिफ्ट-ए दाबा. किंवा लेयर चित्रापेक्षा लहान असतो आणि आपण त्याच्या तुटक पिवळ्या चौकटीबाहेर रंगवत असतो: लेयर मेनूत लेयर टू इमेज साइझ. किंवा भलताच लेयर निवडलेला असतो.

सेव्ह केलं की एक्ससीएफ फाइल होते, तीच आपली मूळ प्रत. जेपेग किंवा पीएनजी हवं तर एक्सपोर्ट, कंट्रोल-शिफ्ट-ई. जेपेगमध्ये लेयर उरत नाहीत. नक्षी एकदा फोटोत मुरली की 'जरा बाजूला सरकवा' या सूचनेवर काहीच करता येत नाही.

२० सप्टेंबर

फोटो गोळा केले. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा उरतो. ३०० पीपीआयला तो साडेतेरा सेंटिमीटरच्या पुढे नेला की फुटतो, आणि आपल्याला रुंदी हवी १८ सेंटिमीटर, म्हणजे २१२६ पिक्सेल. मूळ फोन ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवला, ४००० पिक्सेल रुंदीचा मिळाला. नंतर आकार वाढवून गेलेला तपशील परत येत नाही, त्यामुळे इथे भीड बाळगू नये, मूळच फोटो मागावा.

फोटो संध्याकाळचा, एका बाजूने पिवळा बल्ब. माती केशरी, अळीवाचं कोवळं हिरवं गवत मळकट पिवळं, मावळ्यांचे चेहरे काळवंडलेले. आधी कलर्स, लेव्हल्स. त्यातल्या करड्या बिंदूच्या पिपेटने किल्ल्यामागच्या सिमेंटच्या कट्ट्यावर क्लिक केलं. सिमेंट मुळात करडंच असल्यामुळे सगळा फोटो एका झटक्यात ताळ्यावर आला. पिपेटसाठी पांढरी भिंत निवडू नका, बल्बच्या उजेडात ती बहुतेक वेळा जळालेली असते आणि फोटो निळा पडतो.

मग शॅडोज-हायलाइट्समध्ये सावल्या ३५ पर्यंत उचलल्या. ५० च्या वर गेलं की मातीत दाणेदार चट्टे दिसायला लागले, म्हणून मागे आणलं.

३.० मधली सगळ्यात कामाची सोय म्हणजे हे फिल्टर फोटोत मुरत नाहीत. लेयरच्या नावाशेजारी एफएक्स असं चिन्ह येतं, त्यावर क्लिक करून आकडे केव्हाही बदलता येतात. मात्र फिल्टरच्या खिडकीत मर्ज फिल्टरवर टिचकी नसल्याची खात्री करा.

२१ सप्टेंबर

किल्ला पार्श्वभूमीतून सोडवला. मागे स्कूटर, वाळत घातलेले कपडे, पाण्याची टाकी.

फझी सिलेक्ट (सारख्या रंगाचा भाग निवडणारं हत्यार) निकामी ठरलं. किल्ल्याची माती आणि मागची भिंत जवळपास एकाच रंगाच्या. थ्रेशोल्ड १५ ठेवला तर अर्धाच बुरूज निवडला जातो, ३० केला तर भिंतही बरोबर येते. फोरग्राउंड सिलेक्ट ४००० पिक्सेलच्या फोटोवर या लॅपटॉपला झेपलं नाही, प्रत्येक फटकाऱ्यानंतर मिनिटभर थांबणं आलं, आणि कडा तरीही कुरतडलेल्या.

शेवटी पाथ टूल (बिंदू जोडत कडेची रेघ आखणारं हत्यार), कळ बी. तटबंदी आणि बुरूज यांच्या कडा ठाम असतात, त्यांना पाथ हाच इलाज. २०० टक्के झूम करून वळणावर एकेक बिंदू, सरळ तटावर फक्त दोन टोकं. पहिल्या बिंदूवर कंट्रोल धरून क्लिक केलं की पाथ बंद होतो, एंटर दाबलं की सिलेक्शन. मग सिलेक्ट मेनूतून फेदर (कड मऊ करणं) २ पिक्सेल. फेदर न करता कापलं तर किल्ला कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

यानंतर खोडरबर अजिबात नाही. लेयर, मास्क, ॲड लेयर मास्क, सिलेक्शन. मास्कवर काळं म्हणजे झाकलेलं, पांढरं म्हणजे उघडं, एक्स दाबलं की दोन रंगांची अदलाबदल. रंगवण्याआधी लेयरच्या यादीत दोन चित्रांपैकी चौकट कुठल्या चित्राभोवती आहे ते बघायचं. ती फोटोभोवती असेल तर काळा रंग थेट किल्ल्यावर बसतो. ऑल्ट धरून मास्कवर क्लिक केलं की नुसता मास्क दिसतो, सुटलेले ठिपके तेव्हाच सापडतात.

अळिवाच्या गवताच्या कडेला पाथ घेऊ नका. कोंबांचं टोक न् टोक सोडवणं या मापात दिसणारही नाही. तिथे मऊ ब्रश, आकार ४०, अपारदर्शकता ५० टक्के, आणि खालची जमीन हळूहळू विरघळू दिली.

किल्ला अधांतरी दिसू लागला, म्हणून खाली वेगळा लेयर, त्यावर काळा चपटा अंडाकार, गॉशियन ब्लर ४०, लेयरची अपारदर्शकता ३५ टक्के. सावली मूळ फोटोतल्या उजेडाच्या उलट बाजूलाच सरकवायची. बल्ब डावीकडे, तर सावली उजवीकडे.

२७ सप्टेंबर

नक्षीची शोधाशोध, आणि परवान्यांची नोंदवही. हे काम कंटाळवाणं आहे, पण प्रमाणपत्राच्या खाली एका दुकानाची प्रायोजक म्हणून पट्टी आहे, त्यामुळे 'फक्त बिगरव्यावसायिक वापरासाठी' असं लिहिलेलं चित्र वापरायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी घातला.

उपयोगी पडलेल्या जागा: ओपनक्लिपआर्ट (सगळं सीसी०, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याने हक्क सोडलेलं, आणि बहुतांश एसव्हीजी, म्हणजे रेघांनी बनलेली, कितीही मोठी करता येणारी चित्रं), विकिमीडिया कॉमन्स (प्रत्येक चित्राचा परवाना वेगळा, पानावर तपासावाच लागतो), न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाचा खुला संग्रह (२०१७पासून सीसी०, जुन्या कापडांवरच्या वेलबुट्ट्या तिथे छान आहेत). सीसी बाय असेल तर नाव छापायचं. बाय-एसए असेल तर नाव छापायचं आणि त्यावर बेतलेलं आपलं चित्रही त्याच परवान्याने खुलं ठेवायचं. हे पटत नसेल तर ते चित्र सोडून द्यावं.

'फ्री पीएनजी' नावाच्या ढिगाऱ्यातून काहीच घेतलं नाही. चित्र मुळात कोणाचं ते तिथे कळत नाही. शिवाय पारदर्शक म्हणून उतरवलेल्या चित्रात करड्या-पांढऱ्या चौकटी चक्क रंगवलेल्या निघतात. ओळखायची खूण: जिम्पमध्ये उघडून झूम कमीजास्त करा. खरी पारदर्शकता असेल तर चौकटींचा आकार तेवढाच राहतो. चित्राबरोबर त्याही मोठ्या झाल्या तर त्या रंगवलेल्या आहेत. कलर टू अल्फाने त्या काढायला गेलं की पांढऱ्या जातात, करड्या उरतात, आणि नक्षीच्या कडाही खरवडल्या जातात. वेळ घालवू नये.

महाराजांचं चित्र हवंच होतं. फिरत असलेली रंगीत, तेजस्वी चित्रं बहुतेक हयात किंवा अलीकडे गेलेल्या चित्रकारांची आहेत. आपल्या १९५७च्या कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ज्या माणसाने महाराजांसाठी रंग झिजवले त्याला न विचारता त्याचं चित्र छापणं तसंही बरं नव्हे. १७व्या शतकातलं एक चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, पण त्यांच्या छायाचित्रांचा परवाना बिगरव्यावसायिक. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं त्याच शतकातलं चित्र मुक्त आहे, तेच घेतलं. ४० मिमीच्या गोलात बसवायला ४७२ पिक्सेल पुरे होतात, मूळ त्याहून कितीतरी मोठं मिळतं.

नोंदवहीत प्रत्येक चित्रामागे पाच रकाने: फाइलचं नाव, पानाचा पत्ता, कर्ता, परवाना, उतरवल्याची तारीख. उतरवतानाच भरायचे. आठवड्याने फोल्डरमधलं 'बॉर्डर-३' कुठून आलं ते कोणालाही सांगता येत नाही.

२८ सप्टेंबर

किनार. तयार अख्खी चौकट शोधू नका. तिचं प्रमाण ए४शी जुळत नाही, आणि ओढून बसवली की आडव्या रेघा जाड, उभ्या बारीक, कोपऱ्यातली फुलं चपटी. त्यापेक्षा एकच कोपरा शोधा. एक कोयरीचा कोपरा एसव्हीजीमध्ये मिळाला.

एसव्हीजी उघडताना जिम्प रुंदी विचारतं. तिथेच ७०० पिक्सेल टाकले. ती खिडकी न बघता ओके केलं तर चित्र त्याच्या मूळ, बहुधा छोट्या मापात येतं आणि पुढे मोठं केलं की धूसर होतं. कारण उघडल्याक्षणी ते पिक्सेलचं झालेलं असतं. मग लेयरच्या तीन प्रती, आडवं-उभं फ्लिप करून चार कोपरे, गाइड्सना चिकटवले. रंग मरून करायला लेयरचा अल्फा (पारदर्शकता) लॉक करायचा आणि पट्टीतला रंग ओढून चित्रावर सोडायचा.

मधल्या पट्टीसाठी मेटमधल्या जुन्या कापडाचा जेपेग होता, म्हणजे पारदर्शकता नाहीच. त्याला उपाय हा, आणि तो शिकून घ्यावा:

मरून रंगाने भरलेला नवीन लेयर घ्या. त्याला काळा मास्क लावा. कापडाच्या फोटोतून हवी ती वेल क्रॉप करून डीसॅच्युरेट, मग इन्व्हर्ट, म्हणजे गडद वेल पांढरी होईल. लेव्हल्सचे दोन्ही त्रिकोण आत सरकवून कापडाचा पोत पूर्ण काळा करा. कॉपी. मास्कवर क्लिक करून पेस्ट. इथे मात्र तो तुकडा तरंगताच राहतो, कंट्रोल-एचने अँकर करा. वेल मरून रंगात, मऊ कडांसह उमटते. पुढे रंग बदलायचा तर फक्त लेयर पुन्हा भरायचा. कापून काढलेल्या नक्षीभोवती जी पांढरी झालर उरते ती या पद्धतीत येत नाही.

सगळं जागेवर ठेवल्यावर नक्षी जास्त झाली होती. वर तोरण, चार कोपरे, खाली पणत्यांची रांग, मागे पुसट मंडल. किल्ला कुठेच उठून दिसेना. तोरण आणि मंडल काढलं. नक्षीचे लेयर एका गटात ठेवून डोळ्याच्या चिन्हाने गट बंद-चालू करत बघा; बंद केल्यावर प्रमाणपत्र जास्त बरं वाटत असेल तर नक्षी कमी करायची वेळ आली.

२९ सप्टेंबर

पणत्याही बदलल्या, कारण मिळालेल्या सगळ्या चकचकीत आणि कुठल्याही दिवाळी जाहिरातीत दिसाव्यात तशा. त्याऐवजी चैत्रांगणातली चिन्हं वापरली: गोपद्म, शंख, स्वस्तिक, ज्ञानकमळ. इमारतीतल्या एका आजींकडून कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या स्केचपेनने काढून घेतली. रेघेची जाडी थोडी कमीजास्त आहे, त्यातच तिची शोभा.

फोटो सावलीत, कागदाच्या बरोबर वरून. लेव्हल्सने कागद शुभ्र, रेघ काळी. पीएनजी करून इंकस्केपमध्ये पाथ, ट्रेस बिटमॅप, ब्राइटनेस कटऑफ ०.४५. त्यापेक्षा जास्त ठेवलं तर कागदाच्या सावल्याही रेघ म्हणून येतात, कमी ठेवलं तर रांगोळीचे ठिपके गळतात. स्पेकल्स १० ठेवल्यावर बारीक कचरा गेला. आता ही चिन्हं कितीही मोठी करता येतात आणि परवान्याच्या रकान्यात लिहायला फक्त 'काढणाऱ्यांची संमती घेतली' एवढंच. खाली त्यांचं नाव छापलंय.

४ ऑक्टोबर

मजकूर. गेल्या वर्षीच्या प्रमाणपत्राची फाइल जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधली. कॉपी केली की रोमन अक्षरांचा खिचडा येतो. रूपांतर करून तपासण्यापेक्षा दहा ओळी नव्याने टाइप करणं लवकर झालं.

फॉन्ट: शीर्षकाला टिरो देवनागरी मराठी, बाकीला मुक्ता. दोन्ही मुक्त परवान्याचे, छपाईला चालतात. टिरोची मराठी आवृत्तीच उतरवा, हिंदीची वेगळी आहे. ल आणि श यांची वळणं त्यात आपली नसतात. जिम्पच्या टेक्स्ट टूलमध्ये खाली भाषा निवडता येते, तिथे मराठी ठेवा.

'दुसऱ्या क्रमांकाचे' यात ऱ्य बघून घ्या. ऱ, पाय मोडून, मग य असं टाइप केलं तर अर्धचंद्री र येतो. साधा र वापरला तर 'दुसर्या' होतं, आणि प्रमाणपत्रावर ती चूक वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेली राहते.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. शीर्षक ऐसपैस दिसायला हवं तर शब्दांमधलं अंतर वाढवा किंवा फॉन्टचा आकार.

छपाईचा मजकूर जिम्पमध्ये न ठेवता इंकस्केपमध्ये घेतला. जिम्पमधून मजकुराशिवायचं चित्र पीएनजी, ते इंकस्केपच्या ३०३ × २१६ मिमी पानावर, वर मजकूर, मग पीडीएफ. सेव्ह करताना मजकुराचं पाथमध्ये रूपांतर. तसं नाही केलं तर छपाईवाल्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यास जोडाक्षरं सुटी होतात. नावासाठी ९० मिमीची रेघ, वर १२ मिमी मोकळं. मुलांची नावं हाताने लिहायची आहेत.

७ ऑक्टोबर

प्रूफ (नमुन्याची छापील प्रत) आलं. तीन गोष्टी बिघडलेल्या.

झेंडूचा केशरी विटकरी झाला. पडद्यावर तो २५५, १०६, ० होता. इतका भडक रंग छपाईच्या चार शाईंत बसतच नाही. २४२, १४०, ३० केला. हा पडद्यावर जरा नरम वाटतो, कागदावर झेंडूच दिसतो.

फोटो गडद. लॅपटॉपचा उजेड पूर्ण ठेवून काम केलं की हे होणारच. कर्व्हजमध्ये मधला बिंदू १२८वरून १४५वर. फिल्टर मुरवलेले नसल्यामुळे पाच मिनिटांचं काम.

तकतकीत कागदावर जेलपेनची शाई पुसली गेली. कागद बदलून २५० जीएसएम मॅट. दोन पेनांनी लिहून, अंगठा फिरवून बघितलं, मग होकार दिला.

किनार एका बाजूला मिलिमीटरभर जास्त कापली गेली होती, पण ती १० मिमी आत असल्यामुळे डोळ्याला कळत नाही. कडेला चिकटून असती तर लगेच खुपली असती.

९ ऑक्टोबर

छपाई झाली. १३ × १९ इंची शीटवर ब्लीडसह दोन ए४ बसतात, म्हणून ४० प्रतींना २० शीट, वर २ जादा. एका शीटचे ४० रुपये, म्हणजे ८८०, दोन प्रूफ ८०, कटिंग ६०. एकूण १०२० रुपये. सॉफ्टवेअर, फॉन्ट, नक्षी यांचा खर्च शून्य. जादा शीटवरच्या ४ कोऱ्या प्रती ठेवाव्यात, नाव लिहिताना एखादी तरी वाया जातेच.

११ ऑक्टोबर

निमंत्रण. किल्ल्याचा लेयर मास्कसकट ओढून १०८० × १३५० च्या फाइलमध्ये आणला. नक्षीचे फक्त वरचे दोन कोपरे.

चाचणी म्हणून दोन फोनवर पाठवलं. मरून पार्श्वभूमीवर लाल अक्षरांच्या कडा चिघळल्या. व्हॉट्सॲप पुन्हा दाबतं तेव्हा रंगाचा तपशील आधी जातो, उजेडाचा टिकतो. अक्षरं फिकट पिवळी केली, लगेच स्वच्छ. कोयरीच्या आतल्या २ पिक्सेलच्या रेघा गायब झाल्या होत्या, म्हणून कोपरा पुन्हा एसव्हीजीतून मोठा घेतला आणि आतला बारीक भाग कापला. सगळ्यात लहान अक्षर ३६ पिक्सेल, वेळ आणि ठिकाण ५६.

जेपेग गुणवत्ता ८५. पाठवताना मूळ फाइलच पाठवायची. एका गटातून दुसऱ्या गटात जाताना कोणी स्क्रीनशॉट काढला की वरची सगळी मेहनत वाया.

पुढच्या वर्षासाठी फोल्डरमध्ये ठेवलं: दोन्ही एक्ससीएफ, इंकस्केपची फाइल, चिन्हांची एसव्हीजी, फॉन्टच्या फाइल, परवान्यांची नोंदवही. वर्ष आणि प्रायोजकाची पट्टी वेगळ्या लेयरवर आहेत. प्रायोजक बदलला तर फक्त तेवढंच बदला.